पेठेतली एक गल्ली, गाळ्यागाळ्याने: जुन्या रस्त्याचा आणि दुकानांचा इतिहास कसा नोंदवावा

पुण्याच्या पेठांवर लिहायला बसलेला माणूस बहुधा वाड्याच्या मालकापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. वाडा कुणी बांधला, पुढे कुणी विकत घेतला, वाटण्या कशा झाल्या, हे सगळे कागदावर सापडते. पण रस्त्यावरची दुकाने चालवली ती मुख्यतः भाडेकरूंनी. तीन पिढ्या एकाच गाळ्यात सुतळी, अत्तर किंवा पत्रावळी विकणाऱ्या घराचे नाव मालमत्ता पत्रकावर बऱ्याचदा नसतेच. म्हणून इथे सांगितलेली सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे: नोंद माणसाच्या नावाने ठेवायची नाही, गाळ्याच्या नावाने ठेवायची. प्रत्येक आठवण एका गाळ्याला आणि एका काळाला बांधायची. जी बांधता येत नाही ती वेगळ्या वहीत ठेवायची आणि तिची जागा सापडेपर्यंत थांबायचे.

उदाहरणे पुण्याची आहेत. सातारा, नाशिक, कोल्हापूर किंवा मडगावच्या जुन्या बाजारालाही हीच रीत लागू पडते, फक्त कचेऱ्या आणि कागदांची नावे बदलतात.

गल्ली निवडताना

संपूर्ण पेठ घेऊ नका. संपूर्ण लक्ष्मी रस्ता तर नकोच, तो अनेक पेठांतून जातो. दोनशे मीटरच्या गल्लीत दहा-बारा फुटी गाळे धरले तर दोन्ही हातांना मिळून शंभर-सव्वाशे दरवाजे निघतात. पहिल्या कामाला साठ ते ऐंशी मीटर पुरेत: एका चौकापासून पुढच्या बोळापर्यंत. दोन माणसांनी आठवड्यातले दोन अर्धे दिवस दिले तरी एवढ्यालाच चार-सहा महिने सहज जातात.

निवडताना एक पाहा: गल्लीत अजून एकच धंदा मुरलेला आहे का? कसब्यातली तांबट आळी, बुरूड आळी, रविवारातली बोहरी आळी, विजेच्या सामानाची तपकीर गल्ली, पुस्तकांचा अप्पा बळवंत चौक अशा ठिकाणी दुकानदार एकमेकांचे भाऊबंद, कारागीर किंवा घेणेकरी असतात. एकाच्या आठवणीतून शेजारचे चार गाळे उघडतात. मिश्र बाजारात तसे होत नाही, तिथे प्रत्येक दार नव्याने ठोठवावे लागते.

सुरुवातीची खूण कायमची घ्या: देऊळ, हौद, पार, चौकाचा कोपरा. दुकान कधीच खूण म्हणून घेऊ नका, ते उद्या बदलेल. त्या खुणेकडे पाठ करून उभे राहा. डाव्या हाताचे गाळे डा-१, डा-२ आणि उजव्या हाताचे उ-१, उ-२ असे मोजत जा. वाड्याचा दिंडीदरवाजा, जिना, बोळाचे तोंड यांनाही क्रमांक द्या, कारण जिन्याखालच्या तीन फुटांत कुणीतरी घड्याळे दुरुस्त करत बसलेले असते. दोन गाळे जोडून एक मोठे दुकान झाले असेल तर दोन्ही जुने क्रमांक ठेवा, डा-७ आणि डा-८. एकच क्रमांक दिला तर वीस वर्षांपूर्वी तिथे दोन दुकाने होती हे वहीत मांडायला जागाच उरत नाही.

पत्त्यातल्या क्रमांकाच्या भरवशावर राहू नका. पेठेतला घर क्रमांक रस्त्याच्या ओळीने जातोच असे नाही, आणि एका वाड्याचा एक क्रमांक त्याच्या सातही दुकानांना लागतो. शिवाय जुना म्युनिसिपल घर क्रमांक वेगळा आणि नगर भूमापनाचा सिटी सर्व्हे नंबर वेगळा. कागदावर नुसता क्रमांक दिसला तर तो यांपैकी कोणता हे लिहिल्याशिवाय वहीत उतरवू नका. या एका घोळामुळे माणसे चुकीच्या वाड्याचा इतिहास लिहितात.

गाळावही

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, दोनशे पानी वही घ्या. सुट्या पानांची फाइल नको, पाने हलतात. प्रत्येक गाळ्याला समोरासमोरची दोन पाने. डाव्या पानावर आजची स्थिती: रुंदी फूट-इंचांत, पायऱ्या किती, ओटा आहे का, दार कोणते, पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा (चुकीचे शुद्धलेखनसुद्धा), माल काय, गल्ल्यावर कोण बसते, मागे राहते घर आहे का, वर माळा आहे का. उजव्या पानावर काळाची पट्टी, खालून वर: सर्वांत जुने तळाशी. जुने सापडत जाते तसे खाली लिहायला जागा लागते, म्हणून तळाचा तिसरा हिस्सा कोरा सोडा.

प्रत्येक नोंदीपुढे तीन गोष्टी हव्यातच: कशावरून, कुणाकडून, कधी कळले. ‘इथे पूर्वी वह्यांचे दुकान होते’ ही नोंद नव्हे. ‘अंदाजे १९६५ ते १९७४ वह्या-शाईचे दुकान, डा-११ च्या काकांनी सांगितले, आधार नाही’ ही नोंद. माणसाचे पूर्ण नाव या वहीत लिहू नका. माहितीदारांना क्रमांक द्या आणि नावांची यादी वेगळी, बंद ठेवा.

लाकूड, लोखंड आणि कौल वाचणे

कचेऱ्यांत जाण्याआधी गल्ली दोनदा नीट पाहून घ्या. एकदा सकाळी नऊच्या सुमारास, दुकाने बंद असताना, कारण दारे तेव्हाच दिसतात. दुसऱ्यांदा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. सुट्टीचा वार धंद्याप्रमाणे आणि पेठेप्रमाणे बदलतो, आधी विचारून घ्या.

शटरच्या आधी फळ्यांचे दार असे. उंबरठ्यात आणि वरच्या पट्टीत खाच असते. त्या खाचेत एकेक उभी फळी सरकवत नेतात, शेवटची फळी बसली की लोखंडी आडवी पट्टी आणि कुलूप. फळ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत म्हणून प्रत्येकीवर आकडा कोरलेला किंवा रंगवलेला असतो. शटर लागल्यावरही उंबरठ्यातली खाच बहुतेक ठिकाणी तशीच राहते. खाच किती फूट लांब आहे ते मोजा. आजचा गाळा सोळा फुटी आणि खाच आठच फुटी असेल तर मधली भिंत कधीतरी पाडली आहे. एवढ्या एका मापावरून दोन दुकाने एक झाल्याचे कळते, आणि मग त्या प्रसंगाबद्दल नेमका प्रश्न विचारता येतो.

छताकडे पाहा. कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्यांचे छत) आहे, की लोखंडी तुळया? तुळईवर टाटा किंवा डोर्मन लाँग असा ठसा असेल तर उतरवून घ्या. मंगलोरी कौलांच्या मागच्या अंगाला कारखान्याचे नाव असते. इथे सावध राहा. असा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये बासल मिशनने मंगलोरात सुरू केला. त्यामुळे कौल छपराचे वय सांगते, वाड्याचे नाही. पेशवेकालीन वाड्यावरही विसाव्या शतकातली कौले असतात. उलट बाजूनेही चूक होते: बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता, लक्ष्मी रस्ता रुंद होताना वाड्यांचे पुढचे खण गेले आणि नवी दर्शनी भिंत उभी राहिली. पुढची भिंत सिमेंटची म्हणून मागचे दालनही तेवढेच नवे, असे धरू नका. बोळातून मागे जाऊन विटा आणि खांब पाहा.

फोटो काढताना ऊन नको. सकाळी ऊन गल्लीत उतरण्याआधीचा किंवा ढगाळ दिवसाचा उजेड चांगला. प्रत्येक गाळ्याचे चार फोटो: समोरून पूर्ण, पाटी, उंबरठा, आतले छत. मापासाठी फूटपट्टी चौकटीत येऊ द्या. गिऱ्हाइकांचे चेहरे टाळा. बुधवार पेठेच्या काही गल्ल्यांत रस्त्याचा सरसकट फोटोही काढू नये. तिथल्या स्त्रियांची ओळख उघड होणे हे तुमच्या नोंदीपेक्षा फार मोठे नुकसान आहे.

मालकाचे कागद

नगर भूमापन कार्यालयाच्या नकाशावर गल्ली शोधा, गाळ्यांच्या वाड्यांचे सिटी सर्व्हे नंबर लिहून घ्या आणि मग मालमत्ता पत्रके काढा. डिजिटल स्वाक्षरीचे पत्रक महाभूमीच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळते. पण शक्य असेल तर जुन्या हस्तलिखित पत्रकाची नक्कलही मागा. त्यावर खोडलेली नावे वाचता येतात आणि इतिहास त्या खोडांतच असतो.

पत्रक असे वाचा. वर क्षेत्र, धारणाधिकार, हक्काचा मूळ धारक, पट्टेदार, इतर भार. खाली तारीखवार नोंदी: व्यवहार काय, नवीन धारक (धा), पट्टेदार (प) किंवा भार (भा) कोण, साक्षांकन. वारसनोंद, खरेदी, गहाण, वाटणी यांच्या तारखा उतरवा. मात्र नोंदीची तारीख म्हणजे घटनेची तारीख नव्हे. वडील वारल्यावर आठ-दहा वर्षांनी वारसनोंद होते. व्यवहाराच्या रकान्यात मूळ दस्ताची तारीख दिली असेल तर तीच धरा. खरेदीखताचा तपशील हवा असेल तर दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक २ चा (नोंदणी झालेल्या दस्तांच्या यादीचा) शोध घ्यावा लागतो. त्यासाठी अंदाजे वर्ष हातात असले तर एक सकाळ पुरते, नसले तर दिवस जातात.

एवढे मालकाचे कागद बस झाले. इथे रमू नका.

भाडेकरूचे कागद

खरे सोने इथे आहे. महापालिकेच्या करआकारणीच्या नोंदवहीत मालकाशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो. कोणत्या वर्षी गाळ्यात प्रत्यक्ष कोण होते ते तिथे मिळते. जुनी नोंदवही पाहायला लेखी अर्ज द्या, हेतू स्पष्ट लिहा आणि एका अर्जात एकाच वाड्याची मागणी करा. दहा वाडे एकदम मागितले की अर्ज पडून राहतो.

दुकानात काय मागायचे? गुमास्ता परवाना (मुंबई दुकाने व संस्था कायदा १९४८ चा, त्यामुळे त्याआधीचा तो बहुधा नसेल), भाडेपावत्या, वीजबिले, विक्रीकर क्रमांकाचे पत्र, जुनी बिलबुके, लेटरहेड, दिवाळीला वाटलेल्या दिनदर्शिका, नाव छापलेल्या कापडी पिशव्या, पत्र्याचे डबे. दुकानदार ‘जुने काही नाही’ म्हणेल. त्याला ‘जुने कागद’ म्हटले की ताम्रपट आठवतो. ‘माळ्यावर कोरी बिलबुके उरलीत का?’ असे विचारा. ती हमखास निघतात.

बिलावर तारीख नसली तरी वय काढता येते. पत्त्यात नुसते ‘पुणे २’ किंवा ‘पुणे ३०’ असेल तर ते बहुधा १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीचे, कारण सहा आकडी पिनकोड त्या दिवशी आला आणि त्याचे ४११००२, ४११०३० झाले. छापखान्यातला जुना साचा काही वर्षे चालत राही, म्हणून चार-पाच वर्षे पुढची धरायला हरकत नाही. फोन क्रमांक किती आकडी आहे तेही पाहा. सात आकडीमागे २ लागून तो आठ आकडी झाला ते नव्या शतकाच्या सुरुवातीला. दर आण्यांत असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचे किंवा लगेच नंतरचे. जीएसटी क्रमांक असेल तर १ जुलै २०१७ च्या पुढचे.

आणखी एक साधन फार कमी लोक वापरतात: गणेश मंडळाचे कागद. वर्गणीची पावतीपुस्तके, जमाखर्चाचे अहवाल, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका. मंडळाचा कार्यकर्ता दरवर्षी त्याच गल्लीत, त्याच क्रमाने, दारोदार फिरतो. त्यामुळे वर्गणीची यादी म्हणजे गल्लीची वार्षिक शिरगणतीच. चाळीस वर्षांच्या याद्या मिळाल्या तर कोणते दुकान कोणत्या वर्षी आले नि कधी गेले हे सरकारी कागदाहून नेमके कळते. यादीतून एखादे नाव एका वर्षी गळले तर लगेच ‘दुकान बंद’ लिहू नका. मंडळाशी भांडण झाले असेल, किंवा घरात सुतक असेल. सलग तीन वर्षे नाव नसेल तर धरा.

जाहिरातींसाठी वृत्तपत्रे: ‘केसरी’ १८८१ पासून, ‘सकाळ’ १९३२ पासून. रोजचा अंक चाळत बसलात तर डोळे जातील. दिवाळीआधीचे पंधरा दिवस, गुढीपाडवा आणि लग्नसराईचे वैशाख-ज्येष्ठ एवढेच पाहा. मजकुरात ‘स्थलांतर’, ‘नवीन जागेत’, ‘शाखा नाही’ हे शब्द शोधा. जुने दिवाळी अंक आणि पंचांगांच्या मलपृष्ठांवरही पेठांतली दुकाने भरपूर सापडतात. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) आणि सदाशिव पेठेतले भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) इथे आधी चौकशी करून जा. पेशवेकाळापर्यंत मागे जायचेच असेल तर पुणे पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर आहे, पण ते मोडीत आहे. मोडी येत नसेल तर वाचक सोबत न्यावा लागेल. पेठवार वर्णन हवे असेल तर १८८५ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुण्यावरचा तिसरा भाग आधी वाचून घ्या.

जुन्या कागदांत नावे वेगळी भेटतील. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार, मलकापूर म्हणजे रविवार, विसापूर म्हणजे शुक्रवार, शहापूर म्हणजे सोमवार, मुर्तजाबाद म्हणजे शनिवार. ‘रे मार्केट’ दिसले तर ती १८८६ साली बांधून झालेली आजची महात्मा फुले मंडई.

सन, रक्कम, माप

दुकानाच्या वह्यांत इंग्रजी साल असेलच असे नाही. मराठी व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीत शके असते: चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ७८ मिळवा, १ जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. गुजराती आणि मारवाडी पेढ्यांत दिवाळी पाडव्याला सुरू होणारा विक्रम संवत असतो: पाडव्यापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करा, जानेवारीपासून आश्विन अमावास्येपर्यंत ५६. संवत २००० ची वही म्हणजे १९४३ च्या दिवाळीला पूजलेली. जुन्या सरकारी कागदांत फसली सन असतो, तो जूनच्या सुरुवातीला, मृग नक्षत्राला बदलतो: जून ते डिसेंबर ५९० मिळवा, जानेवारी ते मृगापर्यंत ५९१. मूळ सन जसा आहे तसाच आधी लिहा, इसवी सन कंसात. आधी रूपांतर करून मूळ सोडले आणि एका वर्षाची चूक झाली तर ती पुन्हा कधीच पकडता येत नाही.

रकमेत उभ्या दांड्या येतात. एक दांडी चार आणे, दोन दांड्या आठ आणे, तीन दांड्या बारा आणे. १२॥। म्हणजे बारा रुपये बारा आणे. नवखा वाचक दोन दांड्यांना अकरा समजतो आणि साडेपाचचे पाचशे अकरा करून बसतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै.

भाव टिपताना ‘शेर’ शब्दापाशी थांबा. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण सुमारे ३७.३ किलो. पण धान्य मापानेही विकत. चार शेरांची पायली हे माप आहे, वजन नाही. ‘तेव्हा ज्वारी रुपयाला इतके शेर’ असे कुणी सांगितले तर ‘तागडीने का मापाने?’ हे त्याच श्वासात विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो. कापडाचा वार ३६ इंचांचा, हात १८ इंचांचा.

आठवणी विचारणे

बोहनीच्या आधी दुकानात पाय ठेवू नका. सणाच्या आठवड्यात, महिनाअखेरीला आणि दिवाळीआधीच्या दोन महिन्यांत मुलाखत मागू नका. दुपारी गिऱ्हाईक ओसरते तेव्हा, पण वामकुक्षीच्या आधी, म्हणजे बारा ते एकच्या सुमारास बोलणे जमते. पहिल्या भेटीत फक्त ओळख, गल्लीचा हाताने काढलेला नकाशा समोर ठेवा आणि काही खरेदी करा. ध्वनिमुद्रण दुसऱ्या भेटीत, तेही आधी विचारून. वयस्कर मालकाला काका किंवा शेठ म्हणा, मागच्या घरातल्या बाईंना आजी किंवा काकू. त्यांच्याशी बोलणे टाळू नका. घर मागे आणि दुकान पुढे अशा ठिकाणी पुड्या बांधणे, उधारी लक्षात ठेवणे, कारागिरांना जेवू घालणे हे घरातल्या बायकांनी केलेले असते आणि बंद पडलेल्या दुकानांची कारणे त्यांना पक्की ठाऊक असतात.

‘पूर्वी कसे होते?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याला ‘फार छान होते, आता ते राहिले नाही’ एवढेच उत्तर येते. असे विचारा:

– तुम्ही पहिल्यांदा गल्ल्यावर बसलात तेव्हा वय काय होते? समोरच्या गाळ्यात तेव्हा काय होते? त्याच्या डाव्या हाताला?
– माल कुठून यायचा, कशातून यायचा, उतरवायचे कोण?
– दुकानात कामाला कोण, कुठल्या गावचे, राहायचे कुठे?
– सर्वांत जास्त खपणारी आणि आता अजिबात न खपणारी वस्तू कोणती?
– उधारी कशी लिहायचात? वही आहे का?
– दिवा कोणता होता? शटर कधी लागले?

शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण शटर लावल्याचे साल बऱ्याच जणांना लक्षात असते, कारण त्याला मोठा खर्च झालेला असतो.

फोन विमान मोडवर टाका, रेकॉर्डर बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर-दीड वीत अंतरावर कापडी घडीवर ठेवा. काचेच्या काउंटरवर ठेवला तर प्रत्येक नाणे बंदुकीसारखे वाजते. सुरुवातीला तारीख, गाळा क्रमांक आणि संमती बोलून घ्या. चाळीस-पन्नास मिनिटांनंतर थांबा. तासाभराच्या मुद्रणाचा शब्दशः उतारा करायला पाच-सहा तास लागतात. सगळ्यांचा उतारा शक्य नसेल तर दर दोन मिनिटांना काय विषय चालला आहे याची टिपणे करा आणि महत्त्वाचे तेवढेच शब्दशः उतरवा. बोलीतले शब्द प्रमाण मराठीत बदलू नका.

वर्ष विचारले की माणूस गोंधळतो. त्याऐवजी खुंट्या द्या. ‘पानशेतच्या आधी का नंतर?’ ही पुण्यातली सर्वांत पक्की खुंटी: १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटून पूर आला तो दिवस. नदीकाठच्या शनिवार, नारायण, कसबा पेठांत त्या एका दिवसाने दुकानांच्या वह्या गेल्या, वाडे पडले, माणसे दुसऱ्या पेठेत गेली. पाणी गाळ्यात कुठवर आले ते हाताने दाखवायला सांगा आणि जमिनीपासून मोजा. शेजारशेजारच्या गाळ्यांची मापे जुळली तर दोन्ही आठवणी बळकट होतात. इतर खुंट्या: ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतरची जाळपोळ, एप्रिल १९५७ चे नवे पैसे, शेराचा किलो झाला तो १९६० च्या आसपासचा काळ, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, आणीबाणी, १९७६-७७ चे जोशी-अभ्यंकर खून, ज्यांच्या भीतीने संध्याकाळी रस्ते ओस पडत. सराफी गल्लीत १९६३ चे सुवर्ण नियंत्रण विचारा: अनेक सोनारांचा धंदा तेव्हा बसला आणि कित्येकांनी काम बदलले. धान्याच्या व्यापाऱ्यांना नाना-भवानी पेठेतला भुसार बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला तो काळ विचारा. अलीकडच्या नोंदींना ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी, मार्च २०२० ची टाळेबंदी आणि २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत सुरू झालेली भुयारी मेट्रो.

हातकामाची नोंद

कारागिरांच्या आळीत बोलण्याइतकेच काम नोंदवायला हवे. तांबट आळीत भांडे घडताना पाहा: पत्रा कापणे, तापवून नरम करणे, ऐरणीवर घडवणे आणि शेवटी मठारणे, म्हणजे हातोडीचे एकसारखे ठोके देत पृष्ठभाग घट्ट आणि चमकदार करणे. ठोके एकमेकांना किती चिकटून आहेत यावरून तयार हात ओळखू येतो. कल्हई चालू असेल तर संपूर्ण चित्रण करा: भांडे तापते, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात ते सगळीकडे फिरते. हत्यार हातात घेऊन त्याचे नाव कारागिराकडूनच बोलवून घ्या, ते कशासाठी, कुणी घडवले, आता कुठे मिळते. फोटोखाली तुम्हाला वाटते ते नाव लिहू नका. एकाच हातोडीची गल्लीत दोन नावे निघतात आणि दोन्ही नोंदवण्याजोगी असतात.

पडताळणी

‘स्थापना’ पाटीवरचे साल सर्वांत फसवे. ते खोटे असते असे नाही, ते दुसऱ्या कशाचे तरी असते: मूळ गावातल्या पेढीचे, आजोबांच्या पहिल्या धंद्याचे, फेरीच्या टोपलीचे. पु. ना. गाडगीळ ही सराफी पेढी १८३२ ची, पण सांगलीची. लक्ष्मी रस्त्यावर ती आली १९५८ मध्ये. दोन्ही साले खरी आहेत, गल्लीच्या इतिहासात मात्र दुसरेच उतरते. तेव्हा प्रत्येक पाटीसाठी तीन साले विचारा: धंदा कधीचा, या गावात कधीपासून, या गाळ्यात कधीपासून.

नोंदींना तीन दर्जे द्या: कागदाचा आधार असलेली, दोन स्वतंत्र माणसांनी सांगितलेली, एकाच तोंडची. ‘स्वतंत्र’ शब्द नीट वापरा. दोन सख्खे भाऊ हे दोन साक्षीदार नव्हेत, दोघांनी तीच गोष्ट एकाच वडिलांकडून ऐकली आहे. वर्तमानपत्रातला एकच लेख वाचलेली तीन गिऱ्हाइके हीसुद्धा एकच साक्ष. दोन नोंदी भांडत असतील तर सरासरी काढू नका, दोन्ही लिहा.

खुन्या मुरलीधर, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा अशा देवळांच्या नावांच्या कथा प्रत्येक जण वेगळी सांगतो. त्या जरूर टिपा, सांगणाऱ्यासकट. पण त्यांवरून दुकानाचे किंवा गल्लीचे वय काढू नका.

काय बाहेर जाऊ द्यायचे नाही

पागडीची रक्कम, सध्याचे भाडे, भावाभावांतले वाटे, मालक-भाडेकरूंची चालू दावी. पेठेतल्या बऱ्याच जुन्या गाळ्यांचा कुठे ना कुठे खटला असतो आणि ‘आम्ही इथे अमुक सालापासून आहोत’ हे तुमच्या छापलेल्या पानावरचे वाक्य उद्या कोर्टात जाऊ शकते. त्यामुळे ताब्याच्या तारखा छापण्याआधी त्या दुकानदाराला ते पान वाचून दाखवा आणि लेखी होकार घ्या. १९४८ च्या जाळपोळीबद्दल बोलताना कुणी नावे घेतली तर ती मूळ मुद्रणात राहू द्या, छापील मजकुरात आणू नका. संमतीपत्र साध्या मराठीत एका पानाचे असावे: काय नोंदवले, कुठे ठेवणार, कोण पाहू शकेल, आणि नंतर नको वाटल्यास काढून टाकण्याचा हक्क.

साठवण आणि परत देणे

कागद दुकानाबाहेर नेऊ नका, तिथेच स्कॅन करा. छापील कागदाला ३०० डीपीआय, फोटोला ६००, दोन्ही बाजू, कोरी असली तरी. फोनवरच्या स्कॅनिंग अॅपचा कागद आपोआप काळा-पांढरा करणारा फिल्टर बंद ठेवा. तो पेन्सिलीचे आकडे आणि शिक्क्याचा जांभळा रंग खाऊन टाकतो, आणि नेमके तेच आपल्याला हवे असते. फाइलचे नाव एकाच साच्यात: बाजू (डाव्याला १, उजव्याला २), गाळा, वर्ष-महिना-दिवस, अनुक्रमांक. डा-७ ची तिसरी फाइल झाली १०७-२०२५०११२-०३. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरात.

काम पुरे होत आले की प्रत्येक गाळ्याची दोन पाने छापून त्या दुकानात द्या आणि समासात पेनाने दुरुस्त्या करायला सांगा. महिन्याने ती पाने परत गोळा करा. या फेरीत पहिल्या मुलाखतीइतकीच नवी माहिती हाती येते, कारण छापलेली चूक पाहिली की गप्प बसलेला माणूसही बोलतो. शेजाऱ्याचे पान मात्र शेजाऱ्याला दाखवू नका. दुरुस्त प्रत तारीख घालून जवळच्या सार्वजनिक वाचनालयात द्या, आणि ज्या गाळ्यांबद्दल काहीच कळले नाही त्यांची पाने क्रमांकासह कोरीच जोडा, म्हणजे पुढे कुणाकडे जुने बिलबुक निघाले तर ते कुठे डकवायचे हे कळेल.